सीए फायनल : एएफएममध्ये ३३, पुन्हा बसायचंय. सुरुवात नेमकी कुठून?

तेहेतीस_गुण
नमस्कार मंडळी. ग्रुप १ चा निकाल असा : एफआर (फायनान्शियल रिपोर्टिंग) ६१, एएफएम (अॅडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट) ३३, ऑडिट ४८. बेरीज १४२. एफआरला एक्झम्प्शन (पेपर पुन्हा न देण्याची सूट) लागलंय. आर्टिकलशिप (सीएची सक्तीची उमेदवारी) संपली आहे, दिवस मोकळा आहे, हातात साधारण नऊ आठवडे आहेत. फॉरेक्स (परकीय चलन) आणि डेरिव्हेटिव्ह्जची गणितं घरी सुटतात, पेपरात उत्तर चुकतं. पोर्टफोलिओ, म्युच्युअल फंड बरे आहेत. स्टार्टअप फायनान्स आणि सिक्युरिटायझेशन ऑप्शनला टाकले, म्हणजे सोडून दिले होते. क्लासचे व्हिडिओ दीडपट वेगाने पुन्हा पाहावेत की सरळ गणितांना बसावं? फक्त एएफएमबद्दल सांगा, ऑडिटचं बघून घेईन.

डेबिटबाई
शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करते. "ऑडिटचं बघून घेईन" हे चालणार नाही. ग्रुपला प्रत्येक पेपरात ४० आणि एकूण ५० टक्के, म्हणजे ३०० पैकी १५० लागतात. एक्झम्प्शनचे ६१ बेरजेत धरले जातात. उरले ८९, दोन पेपरांत मिळून. एएफएममध्ये अगदी काठावर ४० आले, तर ऑडिटला ४९ लागतील, आणि तुमचे मागचे आहेत ४८. म्हणजे एएफएम "निघाला" तरी ग्रुप अडकू शकतो. एएफएमचं लक्ष्य ५५ ठेवा, ऑडिटला रोज दोन तास द्या.

दुसरं, एक्झम्प्शन पुढच्या तीन परीक्षांपुरतं असतं. नियम असा की ग्रुपच्या सगळ्या पेपरांना बसलेलं असेल तरच ६० किंवा जास्त गुणांच्या पेपराला सूट. "यंदा ऑडिटला बसतच नाही, एएफएमच नीट देतो" असा विचार डोक्यात आला तर तिथेच सोडा. न बसलेल्या पेपरामुळे एएफएमला ६५ आले तरी सूट मिळायची नाही.

बीटा_कोल्हापुरी
व्हिडिओ नकोत. घरी सुटतं आणि पेपरात चुकतं, म्हणजे संकल्पना कळलेली आहे, हात बसलेला नाही. व्हिडिओ पाहताना दुसऱ्याचा हात चालतो.

आधी उत्तरपत्रिकेची सर्टिफाइड कॉपी मागवा. निकालानंतर महिन्याच्या आत ऑनलाइन अर्ज करता येतो. हातात यायला वेळ लागतो, तोवर अभ्यास थांबवू नका. आली की प्रत्येक प्रश्नापुढे तीन रकाने करा : किती गुणांचा, किती मिळाले, गुण कुठल्या ओळीवर तुटले. चूक कुठल्या जातीची ते लिहा. माझ्या मते जाती चारच : (१) प्रश्न समजलाच नाही, (२) सूत्र माहीत होतं पण दर किंवा बाजू उलटी घेतली, (३) आकडेमोड, (४) वेळ संपला. ३३ वाल्या पेपरात बहुधा दुसरी आणि चौथीच जास्त दिसेल. तसं असेल तर पंधराच्या पंधरा धडे शून्यापासून करणं म्हणजे गळका नळ सोडून अख्खं घर रंगवणं.

लोकलमधला_लेजर
कॉपीबद्दल थोडा असहमत. तिच्यातून गुण वाढतील ही आशा ठेवू नका. पडताळणीत बेरीज चुकली का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच पाहतात. पुनर्मूल्यांकन नाही. चुकांची जात शोधायला कॉपीच लागते असंही नाही. मागच्या पेपरचे वर्णनात्मक प्रश्न आज दुपारी दोन ते पाच घड्याळ लावून पुन्हा सोडवा, सजेस्टेड आन्सर्सशी (इन्स्टिट्यूटच्या नमुना उत्तरांशी) ओळ न् ओळ ताडून पाहा. त्याच चुका पुन्हा होतात. कॉपीची वाट पाहण्यापेक्षा हे स्वस्त आणि आजच होण्यासारखं.

जुना_एसएफएम
दोन्ही करा की, भांडण कशाला.

पेपराची रचना एकदा समोर ठेवतो, कारण पुष्कळ मुलं जुन्या एसएफएमच्या (एएफएमच्या आधीच्या पेपराच्या) हिशेबानं वेळ लावतात. मे २०२४ पासून नवी योजना. ३० गुण बहुपर्यायी, प्रत्येकी दोन, बहुतेक केसवर आधारित, चुकीच्या उत्तराला वजावट नाही. उरलेले ७० वर्णनात्मक : सहा प्रश्न, पहिला सक्तीचा, बाकी पाचांतले चार, प्रत्येकी १४ गुण. हा १४ चा प्रश्न अखंड एका धड्यावर येईल असं समजू नका. तो तुकड्यांत असतो, आणि शेवटचा ४ गुणांचा तुकडा बऱ्याचदा थिअरीचा. सिक्युरिटायझेशन, स्टार्टअप फायनान्स, फायनान्शियल पॉलिसी, आंतरराष्ट्रीय वित्त हे त्या तुकड्यांतून डोकावतात, शिवाय बहुपर्यायीत. म्हणून हे धडे ऑप्शनला टाकणं महागात पडतं. सगळे मिळून पाच दिवसांचं काम. दोन दिवस वाचन, तीन दिवस स्वतःच्या शब्दांत चार-पाच मुद्द्यांची उत्तरं लिहून काढणं. नुसतं वाचून ऐन वेळी मुद्दे आठवत नाहीत. पेपरात थिअरीच्या ४ गुणांना सहा-सात मिनिटं पुरतात, तेवढेच गुण फॉरेक्सच्या गणितात काढायला दहा मिनिटं जातात आणि खात्री नसतेच.

तेहेतीस_गुण
डेबिटबाई, ८९ चा हिशेब केलाच नव्हता. धन्यवाद. लोकलमधला_लेजर म्हणतात तसं काल बसून पेपर सोडवला. फॉरेक्समध्ये कॅन्सलेशनला, म्हणजे फॉरवर्ड (पुढच्या तारखेचा, दर आधीच ठरलेला करार) रद्द करताना, पुन्हा तीच चूक. बिड (बँकेचा घेण्याचा दर) घ्यायचा की आस्क (विकण्याचा), दर वेळी गोंधळ उडतो. सूत्र पाठ आहे.

आडवा_हेज
सूत्र पाठ आहे, तीच अडचण आहे. कॅन्सलेशनला सूत्र नाहीच. एकच प्रश्न विचारायचा : आत्ता या क्षणी बँक डॉलर विकतेय की घेतेय? बँक घेते तेव्हा कमी दर, विकते तेव्हा जास्त. बस.

आकड्यांत बघा. निर्यातदारानं १,००,००० डॉलर ₹८४.५० ला फॉरवर्ड विकलेत, म्हणजे बँक घेणार होती. मुदतीच्या दिवशी तो म्हणतो, रद्द करा. स्पॉट (त्या दिवसाचा दर) ८४.९०/८४.९८. मूळ करारात बँक डॉलर घेणार होती, तर रद्द करताना उलटा व्यवहार, बँक विकणार. विकण्याचा दर ८४.९८. ग्राहकाकडून वसुली (८४.९८ − ८४.५०) × १,००,००० = ₹४८,०००. इथे "निर्यातदार आहे म्हणजे बिड" असं पाठांतर वापरलं की ८४.९० येतो आणि उत्तर ₹४०,०००. निर्यातदार हा शब्द मूळ व्यवहाराचा आहे, रद्द करण्याच्या व्यवहाराचा नाही.

वहीत प्रत्येक गणिताला पहिली ओळ हीच लिहा : "मूळ : बँक घेते. रद्द : बँक विकते." तपासणाऱ्यालाही ती ओळ दिसते. पुढे आकडेमोड चुकली तरी पायरीचे गुण हाती राहतात.

मुदतवाढ म्हणजे वेगळं काही नाही : आजच्या दरानं रद्द, आणि नवा फॉरवर्ड. नव्या फॉरवर्डला मूळ बाजू परत येते, इथे बँक घेणार. स्वॅप पॉइंट (स्पॉट आणि फॉरवर्डमधला फरक, पैशांत) २०/२४ चढते आहेत, म्हणजे प्रीमियम, मिळवा : ८४.९० + ०.२० = ८५.१०. उतरते असते, २४/२० असे, तर वजा.

कोरा_ओएमआर
आडवा_हेज +१. यात भर : रद्द कधी होतंय ते आधी पाहा. मुदतीच्या दिवशी असेल तर स्पॉट. मुदतीआधी असेल तर आजचा स्पॉट नाही, उरलेल्या मुदतीचा फॉरवर्ड दर. मुदत उलटून गेली आणि ग्राहकाने काहीच कळवलं नसेल, तर आपोआप रद्द, आणि त्यात फायदा निघाला तरी ग्राहकाला मिळत नाही, तोटा मात्र भरावा लागतो. जुन्या गणितांत हे आपोआप रद्द होणं पंधराव्या दिवशी असायचं, फेडाईच्या (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकांच्या संघटनेच्या) आताच्या नियमात तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी. जुनी पुस्तकं वापरत असाल तर इथे घोळ होतो. प्रश्नात दिवस दिलेला असेल तर तोच धरा.

इंटरेस्ट रेट पॅरिटीतही (दोन देशांच्या व्याजदरांवरून फॉरवर्ड काढण्यातही) अशीच चूक : सहा महिन्यांच्या गणितात अख्ख्या वर्षाचा दर. स्पॉट ₹८४, भारतात ७ टक्के, अमेरिकेत ४. सहा महिन्यांचा फॉरवर्ड = ८४ × १.०३५ ÷ १.०२ = ८५.२४. किंमत ज्या चलनात लिहिली आहे (इथे रुपये) त्याचा व्याजदर वर, अंशात. उत्तर आल्यावर एक नजर : भारतात व्याज जास्त, म्हणजे डॉलर पुढे महाग व्हायला हवा. ८४ पेक्षा कमी आलं तर अपूर्णांक उलटा झालाय.

बीटा_कोल्हापुरी
फॉरेक्सवर दोघांनी छान लिहिलंय. डेरिव्हेटिव्ह्ज आणि व्याजदराच्या जोखमीत गुण जातात त्या जागा सांगतो.

एफआरए (फॉरवर्ड रेट अॅग्रीमेंट, पुढच्या कर्जाचा व्याजदर आज ठरवणारा करार). "३×९" म्हणजे तीन महिन्यांनी सुरू, नवव्या महिन्याला संपतो. मुदत सहा महिने, नऊ नव्हे. १० कोटी, करार दर ७ टक्के, ठरलेल्या दिवशी बाजार दर ७.६ टक्के. फरक ०.६ टक्के × ६/१२ × १० कोटी = ₹३,००,०००. इथे नव्वद टक्के मुलं थांबतात (आकडा माझा, शास्त्रीय नव्हे). पैसे सहा महिन्यांच्या सुरुवातीला मिळतात, व्याज शेवटी द्यायचं असतं, म्हणून आज किती ते काढायचं : ३,००,००० ÷ १.०३८ = ₹२,८९,०१७. भागायचं बाजार दरानं, ७ टक्क्यांनी नव्हे.

इंडेक्स फ्युचर्सनं बीटा (पोर्टफोलिओ बाजाराबरोबर किती हलतो त्याचं माप) कमी करणं. पोर्टफोलिओ ५० लाख, बीटा १.२, हवाय ०.६. विकायचे फ्युचर्स = ५० लाख × (१.२ − ०.६) = ३० लाख. फ्युचर्स २४,०००, लॉट २५, म्हणजे एक करार ६ लाखांचा. ५ करार विका. चूक अशी होते : (क) करार काढताना फ्युचर्सचा भाव सोडून स्पॉट निर्देशांक घेणं, (ख) विकायचे की घ्यायचे हे न लिहिणं. "५ करार" एवढंच लिहिलं तर उत्तर अर्धवट. लॉट प्रश्नात दिलेला वापरा, बाजारात आज किती आहे ते आठवत बसू नका.

व्हीएआर (व्हॅल्यू अॅट रिस्क, ठरावीक विश्वासानं सांगता येणारी तोट्याची मर्यादा). २ कोटी, रोजचं प्रमाण विचलन १.५ टक्के, ९९ टक्के विश्वास, १० दिवस. २ कोटी × ०.०१५ × २.३३ = ₹६,९९,००० एका दिवसाचं. दहा दिवसांसाठी १० नं नाही, √१० नं गुणायचं : सुमारे ₹२२.१० लाख. दहानं गुणून आलेले ६९.९० लाख बहुपर्यायीत पर्याय म्हणून हटकून बसलेले असतात.

डेबिटबाई
मर्जर कुणी बोललं नाही. तिथे गणित सोपं आणि निष्कर्ष चुकतो.

ए कंपनी : नफा ६० लाख, १२ लाख शेअर, ईपीएस (एका शेअरमागचा नफा) ५, भाव ६०. टी कंपनी : नफा १८ लाख, ६ लाख शेअर, ईपीएस ३, भाव ३०. भावावर आधारित अदलाबदल ०.५, म्हणजे टी च्या एका शेअरला ए चा अर्धा. नवे शेअर ३ लाख, एकूण १५ लाख, नफा ७८ लाख, ईपीएस ५.२०. ए वाले खूश. टी वाल्यांच्या एका जुन्या शेअरमागे ५.२० × ०.५ = २.६०, आधी होते ३. त्यांचा ईपीएस टिकवायचा तर प्रमाण ईपीएसवर : ३ ÷ ५ = ०.६. ताळा : नवे ३.६ लाख, एकूण १५.६ लाख, ईपीएस ५, टी ला ५ × ०.६ = ३.

आता गंमत. पीई (भाव ÷ ईपीएस) १२ टिकला तर ०.५ च्या प्रमाणात नवा भाव ६२.४०, टी च्या जुन्या शेअरची किंमत ३१.२०. म्हणजे ईपीएस घटला तरी संपत्ती ३० वरून वाढली. "सल्ला द्या" असा शेपटीचा प्रश्न असतो तिथे ही दोन वाक्यं लिहिली की गुण येतात. फक्त "स्वीकारू नये" लिहिणाऱ्याचे जातात. आणि पीई टिकेल हे गृहीतक लिहून ठेवा.

व्हॅल्युएशनमध्ये एकच जागा : टर्मिनल व्हॅल्यू (अंदाजाच्या वर्षांपुढच्या सगळ्या प्रवाहांची किंमत). चौथ्या वर्षाचा मुक्त रोकड प्रवाह १२०, वाढ ५ टक्के, डब्ल्यूएसीसी (भांडवलाचा सरासरी खर्च) १२. १२० × १.०५ ÷ ०.०७ = १८००. ही चौथ्या वर्षअखेरची किंमत, म्हणून आजची किंमत काढायला चौथ्या वर्षाचा घटक ०.६३५५, उत्तर ११४३.९. अंशात पाचव्या वर्षाचा प्रवाह दिसतो म्हणून पाचव्याचा घटक लावला की १०२१.३. शेवटी कर्ज वजा करायचं विसरलं तर भागधारकांची किंमत फुगते ती वेगळीच.

तेहेतीस_गुण
वाचनखूण साठवली! कॅल्क्युलेटरचं विचारायचं राहिलं. ब्लॅक-शोल्समध्ये (ऑप्शनची किंमत काढायचं सूत्र) लॉग आणि ई चा घात कसा काढतात? सायंटिफिक चालत नाही ना?

जुना_एसएफएम
नाही. बॅटरीवरचा साधा, जास्तीत जास्त सहा फंक्शन, १२ आकडे, दोन मेमरी. वर्गमुळाचं बटण असतं, तेवढं पुरतं.

लॉग (नैसर्गिक) : संख्या टाका, √ बारा वेळा, १ वजा, ४०९६ नं गुणा. १.१ चा लॉग ०.०९५३१ आला पाहिजे, आत्ता करून पाहा.

ई चा घात : घातांक ४०९६ नं भागा, १ मिळवा, मग "× =" बारा वेळा. ०.०५ साठी १.०५१२७. ऋण घात असेल तर आधी धन काढून १ ला त्यानं भागा.

पाचवं मूळ : √ बारा वेळा, १ वजा, ५ नं भाग, १ मिळवा, "× =" बारा वेळा. १.८ चं पाचवं मूळ सुमारे १.१२४७. चौथ्या दशांशाला एखादा आकडा हलतो, त्याला कुणी गुण कापत नाही.

बारा वेळा मोजताना चुकतं, म्हणून चारच्या तीन लयीत दाबा. आणि नवा कॅल्क्युलेटर परीक्षेच्या आठवड्यात घेऊ नका. काही मॉडेलवर "× =" नं वर्ग होत नाही, हे हॉलमध्ये कळलं तर रडायची वेळ येते.

लोकलमधला_लेजर
नऊ आठवड्यांची आखणी. ऑडिटचे दोन तास वेगळे धरून एएफएमला रोज पाच.

पहिले तीन दिवस चुकांची वही. पुढचे आठ दिवस फॉरेक्स, सात दिवस डेरिव्हेटिव्ह्ज आणि व्याजदर, सात दिवस मर्जर आणि व्हॅल्युएशन, आठ दिवस सिक्युरिटी व पोर्टफोलिओ, तीन दिवस म्युच्युअल फंड व कॅपिटल बजेटिंग, पाच दिवस वर सांगितलेली थिअरी. हे झाले ४१ दिवस. उरलेल्या २२ मध्ये दुसरी उजळणी आणि सहा पूर्ण पेपर, तिसऱ्या दिवसाआड एक, दुपारी दोन ते पाचच. पेपराचा दुसरा दिवस फक्त तपासायला. पेपर सोडवून न तपासता पुढचा घेणं हा सगळ्यात मोठा वेळखाऊपणा.

गणितं कुठली? इन्स्टिट्यूटचं स्टडी मटेरियल, आपल्या परीक्षेची आरटीपी (रिव्हिजन टेस्ट पेपर), त्याआधीच्या दोन, एमटीपी (मॉक टेस्ट पेपर), आणि मे २०२४ पासूनच्या सगळ्या परीक्षांचे सजेस्टेड आन्सर्स. एवढंच. क्लासचं जाडजूड पुस्तक फक्त अडलं तर उघडायचं. फॉरेक्सची १५० गणितं एकदा करण्यापेक्षा ४५ गणितं तीनदा करा, तिसऱ्यांदा फक्त पहिल्या दोन ओळी : कोण घेतंय, कुठला दर, किती मुदत.

कोरा_ओएमआर
तासांची वाटणीही सांगा. मी सांगतो : आधीची १५ मिनिटं वाचायला मिळतात, उत्तरपत्रिकेत लिहायचं नाही. त्यात २ ते ६ मधला सोडायचा प्रश्न ठरवा. तीन तासांत बहुपर्यायीला ४५ मिनिटं, १४ च्या प्रत्येक प्रश्नाला २५ मिनिटं, झाले १७०. दहा मिनिटं हाताशी. पंचविसावं मिनिट संपलं की उत्तर अर्धं असलं तरी पुढे. अर्ध्या उत्तराला पायऱ्यांचे पाच-सहा गुण येतात, न लिहिलेल्या प्रश्नाला शून्य.

बहुपर्यायी आधी की नंतर, यावर दोन मतं आहेत. माझं : आधी, पण ४५ व्या मिनिटाला बंद. उरलेल्यांवर अंदाजाने गोळा भरा, वजावट नाही. रिकामं ठेवायचं कारणच नाही.

बीटा_कोल्हापुरी
असहमत. ज्याचा वेळच पुरत नाही त्याने आधी सक्तीचा आणि हातखंड्याचे दोन प्रश्न काढावेत. केस वाचण्यात ४५ ची ६५ मिनिटं कधी होतात कळत नाही. दोन्ही पद्धती मॉकमध्ये एकदा करून बघा, ज्यात जास्त गुण पडतील ती पक्की करा. हॉलमध्ये ठरवू नका.

आणखी दोन बारीक गोष्टी. जास्तीचा प्रश्न लिहिला तर आधी लिहिलेले मोजले जातात, शेवटचा सोडून देतात. म्हणजे वाईट उत्तर आधी लिहिलं असेल तर ते स्वतःच्या हाताने काट मारून रद्द करा, नाहीतर चांगलं उत्तर बुडतं. वर्किंग नोट्स उत्तराचाच भाग असतात, मागच्या पानावर कच्चं काम म्हणून लपवू नका.

आडवा_हेज
तेहेतीस_गुण, एक गणित देतो, इथेच सोडवा. आयातदाराने ५०,००० डॉलर ₹८५.२० ला फॉरवर्ड घेतलेत. आज मुदत, त्याला महिनाभर वाढ हवी. स्पॉट ८४.६०/८४.६८, एक महिन्याचे पॉइंट १८/२२.

तेहेतीस_गुण
मूळ : बँक विकते. रद्द : बँक घेते, म्हणून ८४.६०. तोटा (८५.२० − ८४.६०) × ५०,००० = ₹३०,०००, ग्राहकाने भरायचा.
नवा : बँक विकते. पॉइंट चढते, मिळवायचे. ८४.६८ + ०.१८ = ८४.८६.

आडवा_हेज
रद्द करणं बरोबर, तेही पहिल्या झटक्यात. नवा चुकला. स्पॉट विकण्याच्या बाजूचा घेतला आणि पॉइंट घेण्याच्या बाजूचे. ८४.६८ + ०.२२ = ८४.९०. चार पैसे म्हणजे ५०,००० वर ₹२,०००, आणि शेवटच्या ओळीचा गुण. आता हेच २२/१८ धरून?

तेहेतीस_गुण
उतरते, म्हणजे डिस्काउंट, वजा. विकण्याच्या बाजूचा स्पॉट ८४.६८, विकण्याच्या बाजूचे पॉइंट १८. ८४.५०?

आडवा_हेज
हो. आता रद्द मुदतीच्या दहा दिवस आधी होतंय असं धरून तेच गणित पुन्हा मांडा, दर मी संध्याकाळी टाकतो.